पाण्याचा रंग ओळखणारा पेंटर

पेंटरच्या उजव्या हाताच्या करंगळीचं नख कायम पांढरं रंगवलेलं असे. बदनापुरात नवा आलेला माणूस त्या नखाकडे बघून हसायचा. जुन्यांना ते दिसेनासं झालं होतं. ते शोभेसाठी नव्हतं. तलावावर पोचलं की पेंटर चपला काढायचा, काठावर उकिडवा बसायचा आणि हात हळूहळू पाण्यात सोडायचा. नख बोटभर पाण्यातच हरवलं तर पाणी गढूळ, कोपर बुडेपर्यंत दिसलं तर निवळ, आणि मधेच हिरवट होऊन विझलं तर शेवाळाचं. हे कळल्यावरच तो पिशवीतला पत्र्याचा डबा उघडायचा. कुणी घाईने आधीच गळ टाकला तर म्हणायचा, "पाण्यानं आज काय नेसलंय ते तरी बघा आधी."

धंद्याने तो भिंती रंगवणारा. फ्लेक्स आले आणि शहरातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातून गेल्या, पण हसनाबादपासून धावड्यापर्यंत गावोगावच्या भिंतींवर बियाणांच्या जाहिराती तोच काढायचा. कपाशीचं बोंड असं काढायचा की शेळ्या थांबतील. डब्याच्या तळाशी उरलेल्या रंगातून त्याचं दुसरं जग तयार व्हायचं. जुन्या स्लीपरचा तळ कापून बेडूक, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बोटभर मासे. पोटाखाली गळ, डोळ्याच्या जागी काळा ठिपका आणि अंगावर त्याला हवा तो रंग. आमच्याकडच्या पाझर तलावांत मरळ ही मासळी असते. ती शिकारी, पाण्यावरून काही पळताना दिसलं की झडप घालते. त्यामुळे पेंटरला गांडूळ लागत नसे की कणीक लागत नसे. त्याला फक्त रंग लागे.

"भिंत पिवळी अन् वर पांढरं अक्षर काढलं तर कोण वाचणार हाये?" तो म्हणायचा. "मरळीचं बी तसंच. भारी रंग लागत न्हाई, फरक लागतो."

म्हणून चहासारख्या गढूळ पाण्यात त्याचा बेडूक झगझगीत पोपटी असे, आणि पोट केशरी. थंडीत पाणी निवळलं की तो सगळे भडक रंग डब्यात ठेवून चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवलेला फिका मासा काढायचा. "दिसतंय त्याला वरडून सांगायचं न्हाई," हे त्याचं कारण. उन्हाळ्यात शेवाळ आलं की पांढरा. आणि दिवस कलल्यावर चक्क काळा. सगळं अंधारत असताना काळा कशाला, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "मरळ खालून वर बघून राह्यली, भाऊ. तिच्यासाठी भिंत म्हंजे आभाळ. उजेडाच्या भिंतीवर काळं अक्षर."

हे उत्तर ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतकं साधं मला का सुचलं नाही याचा राग, आणि ते अण्णांच्या समोर सांगितलं याचा त्याहून जास्त.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. मी रोज गाडीने जालन्याला ऑफिसला जायचो, ते घरी असायचे. आई गेली आणि अण्णांनी बोलणं जवळजवळ सोडून दिलं. मी काय केलं नाही? टीव्ही मोठा आणला. डॉक्टर केले. रजा काढून घरी बसलो. ते "हं" म्हणायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. दीड वर्ष असं गेलं.

मग पेंटर आमच्या समोरच्या भिंतीवर पाणी वाचवण्याचं काहीतरी घोषवाक्य लिहायला आला. दुपारी त्याने शिडीवरूनच हाक मारली, "गुरुजी, बचतीतली वेलांटी पहिली का दुसरी?" अण्णा उठून ओट्यावर गेले. "दुसरी," म्हणाले. "आणि वर 'पाणि' लिहिलंयस तिथेही दुसरी कर." पेंटरने लगेच पुसलं, पुन्हा लिहिलं आणि मान तिरकी करून विचारलं, "आता बराबर?" अण्णा हसले. मी ऑफिसातून आलो तेव्हा ते पेंटरशेजारी बसून चहा पीत होते आणि शिळ्या जाहिरातींमधल्या चुका त्याला मोजून दाखवत होते. त्या रविवारी ते त्याच्याबरोबर तलावावर गेले. नंतर मला कळलं, पेंटरला शुद्धलेखन चांगलं येत होतं. वीस वर्षं अक्षरं काढणाऱ्या माणसाला 'पाणी' लिहिता येत नाही, हे मलाच खरं वाटलं नसतं; अण्णांना वाटलं होतं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर घरात जेवताना पेंटर. सकाळी पेंटर. "पेंटर म्हणत होता, यंदा पाणी लवकर निवळेल." "पेंटरने मरळीची पिल्लं दाखवली, लालभडक घोळका असतो, आई खालून फिरते. तिथे तो गळ टाकत नाही." मला लहानपणी अण्णांनी कधी गाईचं वासरूसुद्धा थांबून दाखवलं नव्हतं. शाळेत ते माझे गुरुजी होते आणि घरीही गुरुजीच.

मी सरळ लिहितो: मला पेंटरचा हेवा वाटायचा. त्याने अण्णांना बोलतं केलं म्हणून उपकार वाटायला हवे होते. ते वाटायचेही, पण सोमवार ते शनिवार. रविवारी दोघं मोटरसायकलवरून निघाले की माझ्या तोंडात घास फिरायचा.

शेवटी मीही मासेमारीला लागलो. चांगला रॉड मागवला, रील मागवलं, प्लास्टिकच्या खणांच्या पेटीत चकाकणारे परदेशी मासे मागवले. फोनवर तासन्‌तास व्हिडिओ पाहिले. पेंटरचा रॉड जुना, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेला. तो माझी पेटी बघून मनापासून खूश झाला. "वा भाऊ! काय फिनिशिंग हाये!" एकेक मासा हातात घेऊन उन्हात फिरवून बघितला. मला वाटलं होतं, तो जरा तरी जळेल. मग मी दीड वर्ष गळ टाकला आणि एकही मरळ काढली नाही. पेंटर माझ्यापासून दहा पावलांवर उभा राहून काढायचा, लहान असली तर सोडून द्यायचा आणि अण्णा टाळ्या वाजवायचे. टाळ्या!

पेंटरच्या डोळ्यांचं आधी माझ्याच लक्षात आलं. हसनाबादच्या रस्त्याला त्याने एका भिंतीवर कपाशीची पानं निळी काढली. लोक हसले तेव्हा तो म्हणाला, "नवं वाण हाये, अजून बाजारात आलं न्हाई." सगळे आणखी हसले आणि विषय संपला. पण मी त्याला दुकानात रंगाच्या डब्याचं झाकण उघडून आत खूप वेळ बघताना पाहिलं होतं. अण्णांनी त्याला जालन्याला नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते जपता येईल, गेलं ते येणार नाही. त्यानंतर तलावावर हात पेंटर बुडवायचा आणि नखाकडे अण्णा बघायचे. "मनगटापर्यंत," ते सांगायचे. "हिरवट." आणि पेंटर डब्यात बोटांनी चाचपून बरोबर रंग काढायचा. प्रत्येकाची जागा त्याला पाठ होती.

एका रविवारी अण्णांचा गुडघा धरला होता. ते खाली उतरले नाहीत. वर भरावावर बाभळीखाली खुर्ची टाकून बसले. आदल्या दिवशी वरच्या बाजूला पाऊस झाला होता. ओढ्याचं लाल पाणी तलावात शिरलं होतं. पेंटर उकिडवा बसला, हात सोडला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "भाऊ, नख दिसतंय का?"

बोटाचं दुसरं पेर बुडायच्या आतच नख दिसेनासं झालं होतं.

"दिसतंय," मी म्हणालो. "मनगट बुडालं तरी दिसतंय. निवळ आहे पाणी."

त्याने पाण्यातच बोटं एकमेकांवर चोळली. मग म्हणाला, "असं का? बरं." डबा उघडून त्याने चंदेरी मासा बांधला. मी मागे वळून माझ्या पेटीतला सगळ्यात भडक पोपटी बेडूक बांधला. त्याच्याकडूनच शिकलो होतो, गढूळ पाण्याला काय लागतं ते.

तासाभरात पाणी फाटल्यासारखा आवाज झाला आणि माझा रॉड वाकला. हातभर मरळ. मी ओरडलो. अण्णा लंगडत भरावावरून खाली आले. मला वाटलं होतं ते मरळीकडे बघतील. त्यांनी आधी मरळीच्या तोंडातला पोपटी बेडूक बघितला, मग पेंटरच्या दोरीला लोंबणारा चंदेरी मासा, मग पाणी. टाळ्या वाजल्या नाहीत. पेंटरच म्हणाला, "भाऊ, लई भारी काढली. रंग बराबर निवडला."

घरी आल्यावर बायकोने मरळीचं कालवण केलं. अण्णांनी ताट बाजूला सारलं. "पाणी गढूळ होतं," एवढंच म्हणाले आणि उठले.

मी तीन दिवस कसे काढले ते सांगत नाही. चौथ्या दिवशी ऑफिसातून अर्ध्या दिवसाने निघालो आणि थेट पेंटरच्या खोलीवर गेलो. तो दारात बसून रॉकेलमध्ये ब्रश धूत होता.

"पेंटर, रविवारी मी खोटं बोललो. पाणी निवळ नव्हतं."

"मला ठावं हाये," तो म्हणाला. ब्रश धुणं थांबलं नाही. "दिसत न्हाई, पण गाळाचं पाणी बोटाला लागतं की. पिठावानी."

"मग तुम्ही चंदेरी का बांधलात?"

"तुम्ही दीड वर्षापासून येऊन राह्यले, एक बी निघाली न्हाई. गुरुजी वर बसले व्हते. म्हणलं, आज भाऊची निघू द्या." त्याने ब्रश झटकला. मग पहिल्यांदा माझ्या दिशेने नीट बघितलं. "पण भाऊ, एक सांगतो. दुसऱ्या कुणासंग असं करू नका. ज्याला दिसत न्हाई तो इचारतो, तवा लई भरवशानं इचारतो."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. मी तिथेच दाराशी बसलो. त्याने मला चहा पाजला. मला त्याचा इतका हेवा त्याआधी कधी वाटला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मासे काढण्याचा नव्हे, अण्णांचाही नव्हे. इतकं मोठं मन एखाद्याकडे सहज असतं, आणि माझ्याकडे ते शोधूनही सापडत नाही, याचा.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "माफी मागितलीस ना? मग झालं," म्हणाले. पण पुढचे कितीतरी रविवार तलावावर पेंटरचं नख मीच बघत होतो आणि अण्णा शेजारी उभे राहून मी काय सांगतो ते ऐकत होते. मी खरं सांगत होतो. तरी ते स्वतः वाकून एकदा बघायचेच.

डोळे पुढे आणखी गेले. भिंती बंद झाल्या. पेंटरची मुलगी पुण्याला असते. ती येऊन म्हणाली, आता एकटं ठेवणार नाही. निघताना त्याने पत्र्याचा डबा अण्णांच्या हातात दिला. मी शेजारीच उभा होतो. मला वाटून गेलं, वापरणार तर मी, मग दिला का नाही मला? इतकं होऊनही वाटलं. बदनापूर स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात अण्णांनी त्याचा हात धरला आणि तोंड फिरवून रडले. आईच्या वेळी ते रडले नव्हते. मी पेंटरची पिशवी आत ठेवली, मुलीला जागा दाखवली आणि खाली उतरून दुसरीकडे बघत राहिलो.

परतताना अण्णा रस्त्यात थांबून म्हणाले, "येत्या रविवारी मोकळा आहेस का?" रिकामी झालेली जागा ते मला देत होते, हे कळत होतं. मी मोकळा नव्हतो. "आहे," म्हणालो.

आता तीन वर्षं झाली. आम्ही दोघं जातो. मला मरळ लागते, कधी लागत नाही. लागली की अण्णा नीट बघतात, "ठीक आहे" म्हणतात आणि बाभळीखाली जाऊन पुण्याला फोन लावतात. वारा माझ्याकडे असला तर बोलणं ऐकू येतं. परवाही आलं. "पेंटर, पोराने आज काय मरळ काढली म्हणून सांगू! पाणी बघितलं, रंग बदलला, पहिल्याच फेकीत. हात बसलाय रे त्याचा." पलीकडून पेंटर काहीतरी म्हणाला असावा, कारण अण्णा मोठ्याने हसले. मी रील गुंडाळत पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. माझं कौतुक अण्णा अजून त्यालाच सांगतात.