तीन ओव्यांची घागर

जर्मनीशी झालेली पहिली मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. लोणावळ्याच्या आसपास पाणी अडवायची आणि डोंगराच्या पोटातून बोगदे काढून ते पुढे न्यायची कामं जोरात चालली होती. त्यातल्या एका कामाच्या ऑफिसात मी मापं लिहिणारा कारकून होतो. नांगर धरणाऱ्या घरातला मी, पण चार यत्ता इंग्रजी शिकलेला. त्यामुळे मला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली आणि पाठोपाठ शिंगंही फुटली.

ऑफिसात दोन तऱ्हेचे गोरे होते. इंजिनियर साहेब विलायतेचे, ते पाणी गॅलनात मोजायचे. यंत्रं बसवायला आलेले फिटर स्वित्झर्लंडकडचे, त्यांचं सगळं लिटरात. दोघांनाही दुसऱ्याचं माप म्हणजे शुद्ध अडाणीपणा वाटायचा. मध्ये मी. कुठल्या झडपेतून मिनिटाला किती पाणी गळतं, बोगद्याच्या भिंतीतून किती पाझरतं, असली बारीकसारीक मापं फिटर लिटरात सांगत आणि मी गॅलनात करून साहेबांच्या वहीत चढवत असे. माझ्या टेबलाशेजारी पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक कोष्टक टांगलेलं होतं. बोगद्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपांच्या छापील पुस्तकातून ते मी कापून घेतलं होतं. पावणेचार लिटर आणि वर थोडं, म्हणजे एक गॅलन. हा भागाकार मी इतक्या वेळा केला होता की पुढेपुढे कोष्टकाकडे बघायचीही गरज उरली नाही. मला त्याचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

माझी थोरली बहीण, आक्का, कुसगावच्या पुढे डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीत दिली होती. बारा उंबरे, आणि बारांना मिळून एक झरा. कातळातल्या खोबणीतून पाण्याची धार पडायची, तिच्याखाली घागर लावायची. उन्हाळ्यात पाळ्या लागत. कुणाची पाळी किती वेळ, यावरून भांडणं नकोत म्हणून वाडीतल्या बायकांनी आपला हिशेब बसवला होता. घागर लावली की जात्यावरची ओवी म्हणायची. रोज पहाटे जातं ओढून ओढून प्रत्येकीची ओवी एका लयीत बसलेली. तिला घाई करता येत नाही की रेंगाळता येत नाही. तीन ओव्यांत घागर भरायची. एखादीला संशय आला की आक्काला बोलवत. तिचा आवाज गोड होता असं नाही, पण लय अगदी सारखी. ती झऱ्याशी उभी राहून ओव्या म्हणायची आणि तिने सांगितलेला आकडा वाडी मानायची. सासरी एवढा मान तिला दुसऱ्या कशात नव्हता.

बोगद्याचे सुरुंग वाडीच्या वरच्या अंगाला लागायला लागले आणि वर्षाच्या आत झऱ्याची धार बारीक झाली. वाडीने अर्ज केला. अर्ज मीच लिहून दिला. काम सुरू व्हायच्या आधी आजूबाजूचे सगळे झरे मोजून ठेवलेले होते. या झऱ्यापुढे साहेबांच्या हातचं लिहिलेलं होतं, मिनिटाला चार गॅलन. नियम असा होता की जुन्या पाण्यातलं तीन-चतुर्थांश तरी उरलेलं असेल तर ऑफिसचं काही देणं नाही. त्याहून कमी उरलं असेल तर खालच्या ओढ्याच्या बारमाही डोहातून पंपाने पाणी चढवून, नळ टाकून वाडीला द्यायचं. म्हणजे सगळं तीन गॅलनवर अडलेलं. तीनच्या खाली आलं तर नळ, वर राहिलं तर नशीब.

चैत्रात मोजणी ठरली. इंजिनियर साहेब रजेवर होते, म्हणून एका फिटरला पाठवलं आणि लिहायला मी गेलो. आदल्या रविवारी आक्का माझ्या खोलीवर आली होती. भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, “आमच्या झऱ्याकडं जरा नीट बघ रं.”

एवढंच. पण मला ते झोंबलं. मला वाटलं, ही मला आकडा वाकवायला सांगते आहे. मी तिला सुनावलं, “आक्का, आकड्यात नातं चालत नाही.” ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. खरोखरच नीट बघ, एवढंच ती म्हणत होती, आणि नेमकं तेवढंच मी केलं नाही.

मोजणीच्या दिवशी सगळी वाडी झऱ्यावर जमली होती. फिटरने लिटरच्या रेघा असलेली आपली पांढरी बादली धारेखाली धरली आणि दुसऱ्या हातात घड्याळ घेतलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा मिनिटाला बारा लिटर. मी लिहून घेतलं. आम्ही निघणार तेवढ्यात आक्का पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करत मला म्हणाली, “ह्ये बी लिवून घे की. पयलं तीन वव्यांत घागर भरायची. आता चार सरत्यात, पाचवी निम्म्यावं येती, तवा कुटं भरती. म्या सोता मोजलंय, लय येळा.”

मला हसू आलं. हसलोही. फिटरने विचारलं, ही बाई काय म्हणते? मी म्हणालो, काही नाही, गाणी म्हणते.

ते वाक्य आठवलं की आजही कुणी तरी माझ्या कानशिलात द्यावी असं वाटतं.

ऑफिसात येऊन मी भागाकार केला. बारा लिटर, म्हणजे तीन गॅलन आणि वर एक षष्ठांश. रेघेच्या जेमतेम वर. म्हणजे नळ नाही. पण सख्ख्या बहिणीची वाडी. कुणी बोट दाखवू नये म्हणून मी पुन्हा भागाकार केला, आणि मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. येणारच, भाजक तोच होता. मी आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला आणि कागद वर पाठवला. आपण किती सरळ माणूस आहोत या विचाराने मला त्या दिवशी जरा बरंसुद्धा वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

पंधरवड्यात, साहेब रजेवरून परतल्यावर, त्यांच्या सहीचं उत्तर आलं. झऱ्याला पुरेसं पाणी आहे, नळाचं कारण दिसत नाही. वाडीत ते मीच वाचून दाखवलं. मग एक म्हातारे आबा आक्काकडे वळून म्हणाले, “बाय, तू तर म्हनत व्हतीस निम्म्यानं येळ वाढला. सायबाच्या घड्याळात तर तसं न्हाई.” एक बाई मागून म्हणाली, “भाऊ हापिसात हाय ना. तितं खपल म्हून घाईघाईनं म्हनली आसंल.”

आक्काने माझ्याकडे बघितलं. मी कागदाची घडी घालत होतो. ती हळूच म्हणाली, “घाईत उरकली आसंल बया एखांदी ववी. मला काय ठावं.”

त्यानंतर झऱ्यावर तिला कुणी मोजायला बोलावलं नाही. प्रत्येक बाई आपली आपण मोजू लागली, आणि दुसरीचं खोटं म्हणू लागली. पुढच्या उन्हाळ्यात दोघींची डोकी फुटली. आक्काने जात्यावरसुद्धा ओवी म्हणायचं सोडलं. तिची सासू मला म्हणाली, मुकी होऊन दळते. मला वाटलं, राग आहे, जाईल.

मोजणीच्याच वर्षी, दिवाळीच्या सुमाराला ऑफिसात विलायतेहून एक नवा पंप आला. त्याच्याबरोबरच्या पुस्तकातही कोष्टक होतं आणि त्यात एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर आणि वर थोडं असं छापलेलं होतं. मी आधी छपाईची चूक म्हणून हसलो. मग माझा पुठ्ठा उतरवून खिडकीशी नेला. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, हे माप अमेरिकेचं असल्याचं लिहिलं होतं. आमचे जुने पंप अमेरिकेचे, त्यांच्यापुरतं ते बरोबर होतं. साहेबांचे गॅलन विलायतेचे. त्यांचा गॅलन मोठा, माझा लहान. लहान मापाने मोजलं की आकडा फुगतो. गळती-पाझराचे माझे सगळे आकडे त्याच मापाने फुगलेले होते, पण थेंबाथेंबाच्या त्या मापांत कुणाचं काही अडलं नव्हतं. इथे बारा घरांचं अडलं होतं. बारा लिटरचे गॅलन केले, ते पावणेतीनसुद्धा भरले नाहीत. वाडीचा नळ वाडीचा होता.

मग, का कोण जाणे, मी दुसराही हिशेब मांडला. धार चार गॅलनची होती तेव्हा घागरीला तीन ओव्या लागत, तर साडेचार ओव्या लागतात तेव्हा धार किती? उत्तर आलं दोन आणि दोन-तृतीयांश. फिटरच्या बादलीचं बरोबर केलेलं उत्तर आणि हे उत्तर यांत ओंजळभर पाण्याचंही अंतर नव्हतं. न शिकलेल्या बाईने नुसत्या गळ्याने मोजलं होतं ते बरोबर, आणि मी कोष्टक लावून तीनदा पडताळलं होतं ते चूक. ते दोन्ही आकडे मी एका कागदावर उतरवले.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कसमोर तो कागद ठेवला. पुण्याचे सभ्य गृहस्थ. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अहो, तुमचं गणित बरोबर आहे. पण त्या कागदावर साहेबांची सही झालीय. ती खोडायची तर कुणी? आणि दुसरं सांगतो, रागावू नका. ती वाडी तुमच्या बहिणीची. आकडा आज बदलला तर लोक काय म्हणतील?”

एवढ्यावर मी गप्प बसलो. त्यांनी मला धमकावलं नाही. नोकरी जाईल असंही ते म्हणाले नाहीत. मी सरळ माणूस म्हणून ओळखला जात होतो, ती ओळख मला सोडवेना. सही करणारे साहेब ऑफिसातच होते. मी त्यांच्याकडे जाऊ शकत होतो. दारापर्यंत दोनदा गेलोही. घरात तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती, तिचं कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खरं कारण नव्हतं.

झरा आणखी दोन वर्षं बारीक होत गेला आणि मग उन्हाळ्यात नुसता ओल धरून राहू लागला. बायका ओढ्यावर उतरू लागल्या, भरल्या घागरीने तासाभराचा चढ. एकेक घर उठलं. कुणी लोणावळ्यात रेल्वेच्या कामावर गेलं, कुणी मुंबईला. आक्काचं घर शेवटी उठलं, तेही मेहुणे वारल्यावर. मूलबाळ नव्हतं. मी तिला माझ्याकडे आणलं. तोवर माझं लोणावळ्यात घर झालं होतं आणि मागच्या दारी नळ होता.

ती नळावर पाणी भरायची ती तोंड मिटून. एकदा माझ्या बायकोने सहज विचारलं, आक्का, तुम्ही ओव्या छान म्हणायचात म्हणे? आक्का म्हणाली, “न्हाई गं. माझी लय चुकती. माझ्यापायी वाडीचं पानी गेलं.”

मी आत जेवायला बसलो होतो. घास हातात तसाच राहिला. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती मला दोष देत असेल, आणि त्याची मी तयारी करून ठेवली होती. ती स्वतःला दोष देत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बारा घरं उठल्याचं ओझं ही बाई पंधरा वर्षं एकटी वाहत होती. ते माझं होतं.

मी उठून मागच्या दारी गेलो आणि तिला सगळं सांगितलं. दोन गॅलन, दोन कोष्टकं, हेडक्लार्क. तिला गॅलनमधलं काय कळणार, म्हणून शेवटी म्हणालो, “आक्का, तुझ्या ओव्या बरोबर होत्या. साडेचार म्हणजे साडेचारच. चूक माझी होती.”

ती घागरीच्या काठावर हात ठेवून उभी होती. नळ चालू होता.

“बरुबर व्हत्या?”

“हो.”

“कवा कळलं तुला?”

मी सांगितलं, त्याच वर्षी, दिवाळीला.

तिने मान हलवली. घागर भरून वाहू लागली होती, तिने नळ बंद केला. “तवा समदी व्हती वाडीत,” एवढं म्हणाली आणि घागर उचलून आत गेली.

त्यानंतर ती चार वर्षं माझ्या घरी होती. भांडली नाही, रुसली नाही. माझ्या ताटात पहिली भाकरी तीच वाढायची. माफ केलं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पुढच्याच आठवड्यात नळावर तिची ओवी पुन्हा सुरू झाली. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. लय होती तशी होती, सेकंदाचा फरक नाही. मी मागच्या दारात आलो की ती थांबायची, आणि घागर भरेपर्यंत पाण्याचाच तेवढा आवाज यायचा.