अपील पुन्हा बोर्डावर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पण चार जण चहाला बसले आणि एकाने सुरुवात केली, की दुसऱ्याला आठवतोच. मस्कतला, रुवीमध्ये, एका ओमानी वकिलांकडे मी आठ वर्षं नोकरी केली. वकिलांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. अशिलाचं म्हणणं ऐकून मी ते इंग्रजीत टाइप करायचे, अरबी मसुदा उस्ताद करायचे, आणि दापोलीचे मुकादमभाई तो कोर्टात नेऊन दाखल करायचे. एवढंच आमचं ऑफिस.

तिथे पहिला धडा मिळाला तो मुदतीचा. अपील तीस दिवसांत दाखल झालंच पाहिजे. सावंत म्हणून एक एसी मेकॅनिक आले, ते पस्तिसाव्या दिवशी.

मी म्हटलं, “उशीर झाला हो.”

“कसा काय? निकाल अरबीत होता. मला तो काल समजला. कालपासून मोजा ना, ताई.”

मी ते उस्तादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. “तसं मोजलं, तर माझ्या निम्म्या अशिलांची मुदत अजून सुरूच झालेली नाही.”

*

अपिलात समोरच्याचा पत्ता लागतो. त्याला नोटीस पोचली नाही, तर काम पुढे सरकत नाही. एका गृहस्थांनी पत्ता दिला: अल् घुब्रा, शाळेच्या मागे, पाण्याचा टँकर उभा असतो तिथून आत, दुसरा मजला, सुकटीचा वास येतो तो फ्लॅट.

उस्तादांनी वास सोडून बाकी सगळं लिहिलं. नोटीस परत आली, पत्ता सापडत नाही म्हणून.

दुसऱ्यांदा त्यांनी वासही लिहिला. नोटीस त्याच दिवशी बजावली गेली.

*

२०१३ मध्ये ओमानची आठवड्याची सुट्टी बदलली. गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार. आमच्या एका अपिलाचा शेवटचा दिवस गुरुवारी येत होता. शेवटचा दिवस सुट्टीचा असला तर पुढच्या कामाच्या दिवशी चालतं, म्हणून मी निर्धास्त होते. गुरुवारी सकाळी खाली शेजाऱ्यांची स्कूलबस हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा लक्षात आलं, गुरुवार आता सुट्टीचा राहिला नाही.

मुकादमभाईंना फोन लावला. ते मत्रहच्या मासळी बाजारात होते.

“भाई, आज सुट्टी नाही! कोर्ट चालू आहे.”

“या अल्ला,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. ऑफिसातून फाइल उचलून ते कोर्टात पोचले आणि रांगेत त्यांचा नंबर लागला, तेव्हा खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. शिक्का बसला. परत येऊन माझ्या टेबलावर पावती ठेवत म्हणाले, “ताई, अपील वेळेत गेलं. गाडीतली सुरमई मात्र टाइमबार झाली.”

*

रोह्याचे पाटील आले, ते वर्कशॉपच्या भांडणातून. मस्कतच्याच घला भागात ते आणि शेट्ये मिळून सुतारकामाचं वर्कशॉप चालवत. पंधरा वर्षांची दोस्ती. बिनसलं, आणि खालच्या कोर्टाने वर्कशॉप शेट्यांकडे दिलं. पाटलांचा व्हिसा त्या वर्कशॉपवरच होता. अपील हरले तर थेट रोहा.

वकीलपत्रावरचं नाव रेसिडेंट कार्डाशी जुळावं लागतं. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे कार्डावर पाटलांचे झाले होते ‘बातील’. आणि बातिल म्हणजे रद्द. आपल्या रद्दबातलमधला बातल तो हाच. कोर्टातल्या कारकुनाने कागद नीट वाचला आणि मुकादमभाईंना विचारलं, “हे अर्जदाराचं नाव आहे, की अर्जावरचा शेरा?”

पाटलांना हे सांगितलं. ते अजिबात हसले नाहीत. “ताई, अपील लागेल ना पण?”

*

अपील लागलं. तारखेच्या दिवशी उस्तादांना सोहारच्या कोर्टात जाणं भाग होतं. पाटलांनी एकट्यानेच हजर राहायचं आणि पुढची तारीख मागायची, असं ठरलं. दुपारी कळलं, की पुकारा झाला तेव्हा ना पाटील हजर, ना शेट्ये. अपील बोर्डावरून, म्हणजे सुनावणीच्या यादीतून, काढून टाकलं होतं.

पाटलांचा फोन लागेना. संध्याकाळी त्यांनीच केला.

“कुठे होतात?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“हॉस्पिटलात. शेट्येला कोर्टाच्या पार्किंगमध्येच छातीत कळ आली. मी गाडीत घातला त्याला.”

उस्तादांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मुदतीत अर्ज केला, की अपील पुन्हा बोर्डावर येतं. पण शेट्येंना नव्याने नोटीस द्यावी लागेल.”

अर्ज केला. नोटीस निघाली. कोर्टाचा माणूस शेट्यांच्या घरी गेला तर कुलूप, म्हणून मुकादमभाई त्याला हॉस्पिटलात घेऊन गेले. शेट्यांच्या उजव्या हाताला सलाइन लावलेलं. शेजारी स्टुलावर पाटील, हातात पेजेचा डबा.

“काय आहे रे?” शेट्यांनी विचारलं.

“तुझ्यावरचं अपील. परत चालू केलंय. सही कर.”

पाटलांनी डबा मांडीवर ठेवला, कागद दोन्ही हातांनी धरला, आणि शेट्यांनी डाव्या हाताने कशीबशी सही केली.

कोर्टाच्या माणसाने कागद घेतला, दोघांकडे पाहिलं आणि पाटलांना मोडक्या हिंदीत विचारलं, “तुम इसका भाई?”

“नहीं,” पाटील पेज ढवळत म्हणाले. “सामनेवाली पार्टी.”