मूळ प्रत जागेवर राहते

रविवारी दुपारी गाढ झोपायचं, एवढीच त्या काळात माझी महत्त्वाकांक्षा होती. बाकी आठवडा पहाटे उठून कंपनीची बस गाठायची, मंडीदीपच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी भोपाळला, कोटऱ्यातल्या घरी येऊन बाबांच्या हाताचे व्यायाम घ्यायचे आणि मग कुकर लावायचा. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्यातून ते उठले, चालायला लागले, सावकाश का होईना बोलायलाही लागले. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना आणि कशातच जीव रमेना. टीव्ही लावायचे, आवाज बंद करायचे आणि नुसते बघत बसायचे. डॉक्टर म्हणायचे, त्यांना गुंतवून ठेवा. मी मनात म्हणायची, मला कोणी गुंतवू नका, झोपू द्या.

पण रविवारी आमच्याकडे खेळ असायचा, आणि तो माझ्याच हौसेनं सुरू झालेला, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण आणि तिचा नवरा यायचे. नवरा अस्सल भोपाळी, प्रत्येक वाक्याआधी ‘को खां’ म्हणणारा. खेळ असा की मी एक गोष्ट सांगायची, जादूच्या देशातली. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं. नवरा योद्धा, मैत्रीण चोर. मी विचारायची, दार बंद आहे, काय करता? ते काहीतरी सांगायचे, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. मोठा आकडा आला तर जमलं. फासा मीच टाकायची, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. गोष्ट सांगणाऱ्याला थोडी लपवाछपवी लागतेच.

आमचा चौथा गडी बदली होऊन इंदूरला गेला. तो आमचा जादूगार होता. जादूगाराशिवाय घोडं पेंड खायला लागलं. तेव्हा मैत्रीण म्हणाली, अंकलना बसव ना. मी हसले. बाबा टीव्हीसमोरून म्हणाले, “जादूगार काय करतो?”

बऱ्याच दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी घाईघाईत सांगितलं, आग फेकतो, उडतो, गायब होतो. त्यांना त्यातलं काहीच पटलं नाही. शेवटी म्हणाले, पुस्तकांची नक्कल करणारा असेल तर बसतो.

यात नवल काही नव्हतं. बाबांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या नकल शाखेत गेली. कोणाला आजोबांच्या जमिनीचा कागद हवा, कोणाला जुना निकाल. मूळ कागद कपाटातून टेबलावर यायचा, टेबलावरून परत कपाटात. बाहेर जायची ती शिक्का मारलेली नक्कल. आधी हातानं लिहायची, पुढे टाइप करायची, आणि मग दोघांनी बसून मिलान करायचं, एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवायचं. मुळात चूक असेल तर तीही जशीच्या तशी उतरवायची. कागदावर माशी चिकटलेली असेल तर नकलेतही माशी काढायची, असं बाबा म्हणायचे. लोक हे वाक्य टिंगल म्हणून वापरतात, बाबा अभिमानानं वापरायचे.

तर असा आमचा नवा जादूगार. पहिल्याच रविवारी त्यानं खेळाचा पार चिखल केला. मी आपलं सोपं ठेवलं होतं: कोरं पुस्तक शेजारी ठेवायचं, मंत्र म्हणायचा, अक्षरं उडी मारून इकडे येणार. बाबा म्हणाले, कोरं पुस्तक कुठून आलं? मी म्हटलं, जादूनं. कागद कशाचा? पळसाच्या पानांचा, मी ठोकून दिलं. पळसाच्या पानाच्या पत्रावळ्या होतात, कागद होत नाही, म्हणाले. मग अख्खी दुपार आमचा योद्धा तलवार म्यान करून चिंध्या गोळा करत हिंडला, कारण जादूनं चिंध्यांचा लगदा होईल असं बाबांनी मान्य केलं होतं. शाई काजळीची, डिंक बाभळीचा. मंत्रानं पानं शिवली जातील, पण दोरा आणावा लागेल. मैत्रिणीच्या चोरानं एका राजवाड्यातून दोरा चोरला. सोन्याचे हंडे तिथेच राहिले.

मला वाटलं, पुढच्या रविवारी हे दोघं येणार नाहीत. तर आले, आणि येताना पोहे-जिलबीही घेऊन आले. नवरा म्हणाला, को खां अंकल, आज क्या छापना है? बाबांनी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून टीव्ही आधीच बंद केला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाच्या भांड्यासमोर थोडी रडले. आनंदानं की थकव्यानं, कोण जाणे. दोन्हींत फारसा फरक उरला नव्हता.

एका घोळाचा विषय तर आमच्यात अजून निघतो. एका मठात आजार बरे करणारं पुस्तक होतं आणि त्याच्या शेवटच्या पानावर शाप लिहिला होता: जो वाचेल तो झोपेल. मी हा सापळा नीट रचला होता. कोणीही शहाणा जादूगार ते पान सोडून बाकीचं उतरवेल. बाबांनी शापासकट सगळं पुस्तक उतरवलं. वर मिलान हवं म्हणून योद्ध्याला मोठ्यानं वाचायला बसवलं आणि चोराला नकलेवर बोट ठेवायला. सगळे आडवे. जादूगारही. नवरा कपाळाला हात लावून म्हणाला की अंकल, ते एक पान सोडता आलं असतं ना?

“शापही मजकूरच आहे,” बाबा म्हणाले. “मी कोण गाळणारा?”

त्या दिवशी मी हसले, पण खरं सांगायचं तर मला चीडही आली होती. खेळातसुद्धा हा माणूस एक पान सोडत नाही, आणि त्याचा व्यायाम, त्याचं पथ्य, त्याच्या गोळ्या, यातलं एकही पान मला सोडता येत नाही. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. ती म्हणायची, तू जरा स्वतःकडे बघ गं, आरशातसुद्धा बघत नाहीस. आरसा पुसायला वेळ कोणाला होता?

अशात कंपनीनं मला पुण्याच्या कारखान्यात जागा देऊ केली. सगळी प्रयोगशाळा माझ्या हाताखाली येणार होती. ज्या कामासाठी मी इतकी वर्षं बसचे धक्के खाल्ले, ते काम. सोमवारी कळवा, म्हणाले. बाबा पुण्याला येणार नाहीत हे मला विचारायचीही गरज नव्हती. त्यांची सकाळची फेरी, त्यांचा वाणी, त्यांची बहीण, सगळं या गल्लीत. आई याच घरातून गेली. मी आत्याला तेवढं सांगितलं आणि बजावलं की मी नाही म्हणणार आहे, बाबांना कळता कामा नये. आत्या म्हणाली की बाबांकडे बघायला तिच्या आणि तिच्या मुलीच्या घरची माणसं सकाळ-संध्याकाळ आहेत, रात्री ती स्वतः येऊन झोपेल, भाऊ काही तिला जड नाही. मी ऐकलं नाही. कळवायचं वाक्यही तयार होतं: वैयक्तिक कारणांमुळे शक्य नाही.

त्या रविवारी मी खेळ संपवायचं ठरवून बसले. पुण्याला जायचं नव्हतं, पण खेळही नको होता, काहीच नको होतं. गोष्टीतलं ते शेवटचं शहर एका तलावाच्या काठी ठेवलं. पाणी चढतंय, शहर बुडणार, आणि काठावर एक मोठं ग्रंथालय. जमेल तेवढी पुस्तकं उतरवा आणि निघा. माझा बेत साधा होता: नावेत बसतील, नकला घेऊन पलीकडच्या डोंगरावर जातील, समाप्त. मग मी झोपेन.

सगळं बेतानुसार चाललं होतं. योद्धा गठ्ठे वाहत होता, चोर नाव सांभाळत होती, बाबा एकामागून एक पुस्तकं उतरवत होते. शेवटचं एक राहिलं, सगळ्यांत जाड. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मैत्रीण म्हणाली, अंकल, अस्सल पुस्तकच उचला आणि नावेत टाका, नक्कल कशाला?

बाबांनी मान हलवली. “मूळ प्रत जागेवर राहते. बाहेर जाते ती नक्कल.”

हा नियम आम्हीच पाळत आलो होतो, आता मोडायचा कसा? मग जादूगार मागे बसून मंत्र म्हणणार, अक्षरं नावेतल्या कोऱ्या पुस्तकात उतरणार, आणि जमलं तर तो पोहून बाहेर येणार. जमलं तर. मी फासा टाकला. आडोशामागे तीन आले.

मी फाशावर हात ठेवला आणि म्हटलं, सतरा. पोहून आलात बाबा, नावेत आहात. मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

बाबा म्हणाले, “फासा दाखव.”

मी म्हटलं, अहो दाखवायचा नसतो. ते डावा हात पुढे करून नुसते बसले. कचेरीत समोरच्यानं मिलान न करता सही मागितली की असेच बसत असतील. मी हात काढला. तीन पाहून नवरा कळवळला, म्हणाला पुन्हा टाक यार, अपना ही खेल है. बाबांनी मानेनंच नाही म्हटलं.

“पुस्तक पूर्ण उतरलं का?”

“उतरलं,” मी म्हटलं.

“मग बुडू दे मला. हे पुढे जातील.” आणि तशाच आवाजात, माझ्याकडे बघत, “पुण्याला काय कळवलंस?”

आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी मी तिलाच सांगितलं होतं. का सांगितलं असेल, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

मैत्रीण आणि तिचा नवरा पोह्यांच्या बश्या उचलायला लागले. मी म्हटलं, उद्या नाही म्हणून कळवणार आहे. काय लिहिणार, त्यांनी विचारलं. वैयक्तिक कारण, मी म्हटलं. हे ऐकून बाबांना राग आला. झटक्यानंतर पहिल्यांदाच आला, चेहरा लाल झाला, आणि शब्द एकेक करून निघाले.

“खोटं लिहायचं नाही. बापासाठी येत नाही, असं लिही. खाली सही कर. आणि मला दाखव.”

दोघं निघून गेल्यावर मी फोन घेऊन लिहायला बसले. बाबांसाठी येत नाही. लिहिलं आणि वाचलं. बाबा समोरच होते, गुडघ्यावर हात ठेवून. पुन्हा वाचलं. वाक्य खरं असतं तर मी त्यांना सहज दाखवलं असतं. पण बाबांनी मला राहा असं कधीच म्हटलं नव्हतं, आणि आत्या तर जा म्हणत होती. मी इतकी थकले होते की नव्या गावात नवं काही सुरू करायची मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी बाबांच्या नावावर टाकली होती. मी ते वाक्य पुसलं. बऱ्याच वेळानं दुसरं लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचलं. त्यात एवढंच होतं की पुढच्या महिन्यापासून येते.

“ठीक आहे,” ते म्हणाले, आणि उठून आत गेले. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मी गेले नाही आत. जायला हवं होतं का, अजून कळत नाही.

आता मी पुण्यात असते. थकवा गेला म्हणाल तर नाही, फक्त त्याचं गाव बदललं. रविवारी दुपारी झोपायला मिळेल असं वाटलं होतं, तेही नाही. कोटऱ्यात पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून ठेवतात आणि व्हिडिओवरून मलाही खेळात बसवतात. त्यांचा जादूगार बुडाला, म्हणून बाबांनी माझी जागा घेतली आहे. आता गोष्ट ते सांगतात, सावकाश, प्रत्येक दगड-विटेसकट. बुडालेल्या शहरातून डोंगरावर नेलेल्या नकला घेऊन आम्ही ग्रंथालय उभारतोय, आणि गेले कित्येक रविवार पाया खणण्यातच चाललेत. आडोसा त्यांनी काढून टाकलाय. फासा सगळ्यांसमोर पडतो.

गेल्या रविवारी खेळाआधी त्यांनी विचारलं, नीट जेवतेस ना? मी म्हटलं, हो. म्हणाले, फोन घेऊन स्वयंपाकघरात जा. गेले. ओट्यावर कालचा खरकटा कुकर आणि पावाचं अर्धं पाकीट. बाबांनी पाहिलं. मागून आत्याच बोलली, भरपूर बोलली.

मग मी विचारलं, तुमचा हात कसा आहे? बरा आहे, म्हणाले.

“दाखवा.”

त्यांनी उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत आला, तिथे थांबला, मग आणखी थोडा वर गेला, कानापर्यंत. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, बस अंकल, दिख गया. बाबांनी खाली घेतला नाही. माझ्याकडे बघत तसाच वर धरून ठेवला.

“बघितलं, बाबा,” मी म्हटलं, तेव्हा त्यांनी तो हळूहळू खाली आणला.