आत्याचे सोळा आणे

उभ्या पालम तालुक्यात सोळा आणे पुरुष एकही नाही आणि सोळा आणे बाईही नाही, असा आमच्या थोरल्या आत्याचा दावा होता, आणि तो खोडून काढायची हिंमत शेवटपर्यंत कुणाला झाली नाही. रुपयातले आणे जाऊन जमाना झाला, पण आत्याने ते माणसं जोखायला ठेवून घेतले होते. कुणीही दारात आलं की चहा उकळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसायची आणि कप हातात देता देता भाव सांगून मोकळी व्हायची. "नऊ आणे बाप्या, सात आणे बाई. बरा हाईस." स्वतःलाही तिने सोडलं नव्हतं. लुगड्यावर मामांचा शर्ट चढवून ती लुनावर शेतात जायची, विहिरीत उतरून मोटार दुरुस्त करायची आणि सालगड्याशी भांडायची. मामा, म्हणजे तिचे यजमान, तरुणपणी नामांकित पैलवान. पण कुरडया घालाव्यात तर त्यांनीच, आणि माहेरवाशीण परत निघाली की बसस्टँडवर हुंदके द्यावेत तेही त्यांनीच. आत्या म्हणायची, "मी धा आणे बाप्या, ह्ये धा आणे बाई. दोघांची बेरीज केली की येक जोडा बरोबर भरतो."

हा भाव कायमचा नसायचा. गावातल्या सरपंचबाई ग्रामसभेत अकरा आणे बाप्या असायच्या आणि नातवाला न्हाऊ घालताना तीनवर यायच्या. यावर आक्षेप घेतला की आत्या म्हणायची, "भाजीचा भाव सकाळ-सांज बदलतो, माणसाचा न्हाई का बदलनार?" चुलतबहिणीला बघायला चुडाव्याहून एक स्थळ आलं होतं. मुलगा उंचापुरा, नोकरीला. सगळे खुशीत असताना आत्याने त्याला विचारलं, "घरी कुनी दुखण्यानं पडलं तर काय करतोस?" तो म्हणाला, "बायकांची कामं मी करत नाही." आत्याने पोह्यांची बशी त्याच्यासमोरून उचलली आणि आत जाऊन सांगितलं, "साडेपंधरा. पोरीचं वाटोळं हुईल." स्थळ तिथल्या तिथे मोडलं. माझा भाव पंधरा. मी परभणीत कचेरीत नोकरीला, आवाज चढा, मिशी भरघोस, डोळ्यात पाणी आलेलं कुणी बघितलेलं नाही. त्यामुळे पंधरा आणे ही मी पदवीच समजत होतो. आत्या मात्र दर भेटीत विचारायची, "उरलेला येक आना कुठं पाडलास रं?"

आम्हाला दोन लेकरं. थोरली मेघा आणि धाकटं किरण. किरण मुलगी म्हणून वाढलं, पुण्याला शिकायला गेलं, आणि मेघाचं लग्न ठरलं त्याच महिन्यात आम्हा दोघांना समोर बसवून म्हणालं, "मी मुलगी नाही. मुलगाही नाही. मधे कुठेतरी आहे." मी आवाज चढवला, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. किरणने शांतपणे सांगितलं, "साडी नेसून करवली व्हायला मला जमणार नाही. दुसरे कपडे घालून आलं तर लोक ताईकडे बघायचे सोडून माझ्याकडे बघतील. तिच्या लग्नात मला तमाशा नको. मी येणारच नाही." मेघा रडायला लागली. किरण नसेल तर अक्षताच नकोत म्हणाली. माझं डोकं चालेना. शेवटी मी पालमला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि बायको ऐकत असताना आत्याला सगळं सांगितलं.

आत्या जराही चकित झाली नाही. म्हणाली, "त्याला फोन दे." आणि किरण फोनवर येताच, "मधी म्हंजी नेमकं किती आणे?" कित्येक महिन्यांनी मी त्या लेकराला हसताना ऐकलं. "रोजचं वेगळं असतं, आजी." आत्या म्हणाली, "आसनारच. माझं बी तसंच हाय. लग्नाला ये. काय घालायचं ती तुझी मर्जी, बाकीचं मी बघते." किरणने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि विचारलं, "अन् बाबा?" त्यावर आत्या काय बोलली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. किरण आलं, एवढं खरं.

पांढरा कुर्ता-पायजमा आणि कानात आईचे झुमके घालून ते मेघाच्या मागे दिवा धरून उभं राहिलं. मंडपात कुजबुज झाली, अक्षता पडल्या, कुजबुज त्यात बुडाली. मग कानपिळीची वेळ झाली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा. गुरुजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कुठंय?" रिवाजाप्रमाणे माझ्या चुलतभावाचा मुलगा उठला. आत्याने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. किरणने मान खाली घातली होती. मी तोंड उघडलं, पण कचेरी हादरवणारा माझा आवाज निघेना. दुसऱ्या खेपेला कसाबसा म्हणालो, "किरण, ये बाळा. दाजींचा कान पिळ."

किरणने दिवा आईच्या हातात दिला आणि असा कान पिळला की जावईबापू कळवळले. चुलतभाऊ पुटपुटला, "आरं, ही करवली हाय का भाऊ?" आत्या म्हणाली, "मेघीला येकच भावंड. त्यानं दोन्ही कामं उरकली. तुला तीन हायत, येक तरी कामाचं हाय का?" मंडप हसला, चुलतभाऊही हसला. आहेरात आत्याने किरणपुढे एकाच ताटात साडी आणि टॉवेल-टोपी ठेवली. किरणने टोपी घातली, साडी उपरण्यासारखी खांद्यावर टाकली आणि टॉवेल माझ्याकडे फेकला, कारण मी लहान मुलासारखा रडत होतो. आत्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "सापडला का रं आना?"

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. आता रविवारी किरणचा फोन येतो. "बाबा, आज किती?" मी सांगतो, आज कणिक मी मळली, तेरावर तरी आण. किरण म्हणतं, आजीनं चौदाच्या खाली येऊ दिलं नसतं. खरा भाव सांगणारी गेली, आता आपला अंदाजानेच लावायचा.