टपातला हात

अकोल्याच्या मासळीबाजारात तो मासेवाला कोपऱ्यावर बसायचा. समोर पाण्याच्या टपात जिवंत मासे. गिऱ्हाईक असो-नसो, दर थोड्या वेळानं तो टपात कोपरापर्यंत हात घालायचा. मला किळस यायची. मे महिन्यात एकदा मी चिडून बोललोच, "भाऊ, सारखा हात कायले घालता? लोकायले खायचे हायेत थे."

तो हसला नाही.

"वीस वर्सं अलिबागकडं खलाशी होतो. आमचा तांडेल, म्हंजे होडीचा म्होरक्या, कॅलेंडर पाहूनच होडी काढे. पुनव-आवसेले उधाण येते, पान्याच्या जोरानं जायात मासोयी भरते. अष्टमीले पानी मंद, जायं रिकामं. मंग पुनवेलेबी रिकामं येऊ लागलं. तांडेलानं नारळ फोडले, देवऋषी आनला. शेवटी म्हने, हा परमुलखातला खलाशी पांढऱ्या पायाचा हाये. मले हाकललं."

तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

"जातानी किनाऱ्यावर थेच पाय धुतले. पानी आंघोळीसारखं ऊन! चंद्र बराबर होता भाऊ, उधाणबी टायमावर येई. पानी तापलं म्हून मासोयी खोल गेली होती. समदे वर पाहत राहिले, अन् मीबी. पान्यात हात कोनं घातला नाही."

मी अर्धा किलो मागितले.

"मरेपर्यंत तरी या जीवायले थंड असू द्या," म्हणत त्यानं टपात बर्फ सोडला, हात घालून पाहिला, आणि त्याच हातानं माझ्यासाठी एक मासा उचलला.