अशी कोणी बाई नाही

चूक माझी. मुलाची नाही, सुनेची तर नाहीच नाही, आणि लग्नाचा दाखला देणाऱ्या त्या बिचाऱ्या कारकुनाचीही नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे मी स्वतःची बाजू घ्यायला लागेन.

माझी सून चीनची. मुलगा वाघोडियाच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तिथे चीनहून मशीनं आली, ती बसवायला माणसं आली आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगायला ही मुलगी आली. माणसं परत गेली, आणि ही बडोद्यातल्या आमच्या अकोट्याच्या घरात पोळ्या लाटायला शिकली. मी आधी चांगलीच आदळआपट केली. पण मी ओरडले की ती हसायची, आणि हसणाऱ्या माणसाशी किती दिवस भांडणार?

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मुलाने त्यावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं. ते मी निवडलेलं, माझं माहेरचं नाव. माझ्या लग्नातही असंच ताट आलं होतं. सासऱ्यांना माझं नाव पसंत नव्हतं, म्हणून मी एका सकाळीत दुसरीच कोणी झाले. त्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. म्हटलं, घरात ते पुन्हा ऐकू तरी येईल. सून म्हणाली, "आई, आमच्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाहीत." मी म्हटलं, "तुमच्याकडे नसेल. हे बडोदं आहे!"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म मी भरला. शाळामास्तरीण ना मी, अक्षराचा भारी तोरा! वधूच्या रकान्यात नवं नाव लिहिलं. कारकून माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बेन, पासपोर्ट प्रमाणे लखो ने." मी डोळे वटारले, "आता ती आमची आहे." त्या बिचाऱ्याने शिक्का मारला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी वर्गात किती पोरांना सुनावलं असेल.

पुढे सुनेच्या वडिलांना पक्षाघात झाला. ती एकुलती एक, त्यात दिवस गेलेले. ती तिकडे गेली आणि मुलाने मागोमाग जायचं म्हणून राजीनामा दिला. नवरा म्हणून तिथे राहायचा परवाना मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. कामाचं परमिट वेगळं, तेही एखादी कंपनी घेईल तेव्हा. "म्हणजे बायकोच्या जिवावर खाणार? घरजावई!" मी चिडवलं. तो हसला नाही. म्हणाला, "खाईन. सासऱ्यांचं सगळं करीन. मला फक्त तिथे राहू दे."

आणि व्हिसाचा अर्ज परत आला. दाखल्यावर जी बाई आहे ती चीनमध्ये नाही, आणि चीनमध्ये जी आहे तिचं याच्याशी लग्न झाल्याचा पुरावा नाही. मी म्हटलं, टुरिस्ट म्हणून जा. तो म्हणाला, "पाहुण्यासारखं बाळ बघू आणि महिन्याभरात परत येऊ?"

सुनेला सातवा लागला होता. फोनवर मागे तिचे वडील कण्हत असायचे. एकदा ती मराठीत म्हणाली, "आई, मी दमले." मुलगा बिनकामाचा खोलीत पडून असायचा आणि मला एक शब्द बोलायचा नाही. मीच ओरडले, "अरे मेल्या, एकदा तरी भांड माझ्याशी!" तो नुसता म्हणाला, "भांडून दाखला बदलतो का?"

शेवटी त्याच कारकुनाने वाट सांगितली. नाव चुकून लिहिलं असं सोगंदनामुं, म्हणजे प्रतिज्ञापत्र, तुम्हीच करा, मी दुरुस्ती करून देतो. पण नंतर त्या नवीन दाखल्यावर परराष्ट्र खात्याचे शिक्के, मग व्हिसाचा पुन्हा अर्ज. बाळाच्या आधी होईल का, हे त्यालाही सांगता येईना.

नोटरीने कागद वाचून दाखवला. या नावाची कोणतीही स्त्री आमच्या कुटुंबात नाही व कधीही नव्हती. मुलाला ठाऊक होतं ते नाव कुणाचं. तो हळूच म्हणाला, "आई, हे वाक्य बदलायला सांगू या."

"गप्प बस. आणखी एक दिवस जाईल."

नोटरीने चष्म्यावरून पाहिलं. "बराबर छे ने, बेन? आ नामनी कोई बाई नथी?"

"नथी," मी म्हटलं. "कोई दिवस नहोती."

आणि सासऱ्यांनी दिलेल्या नावाने सही केली.