खोरेकर व्हर्नन

व्हर्नन स्टकीला लाटांवर सर्फिंग करताना पाहिलं की हा मालिबूच्या किनाऱ्यावर वाळूतच रांगायला शिकला असणार असं वाटे. प्रत्यक्षात त्याचं घर डोंगरापलीकडे, खोऱ्यात होतं. बस बदलत तो पहाटे यायचा, सर्फबोर्ड दुरुस्तीच्या दुकानात राबायचा, आणि कुठे राहतोस म्हणून कुणी विचारलं तर "हे काय, वरच्या गल्लीत" म्हणत हात उडवायचा.

लपवायला कारण होतं. ऐंशी सालाच्या सुमाराला किनाऱ्यावरच्या पोरांना खोऱ्यातल्या लोकांचं वावडं. लाटा आमच्या, वाळू आमची. खोरेकराने रविवारी यावं, उन्हात भाजून निघावं आणि परत जावं. परकी गाडी दिसली की पोरं बोर्डाला लावायचं मेण तिच्या पुढच्या काचेवर फासत. व्हर्नन ज्या 'ओले टॉवेल' बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्याची सगळी गाणी याच टवाळीची होती. गाणी धावत सुटल्यासारखी, आणि गाणारा किप लॅथ्रप गाता गाता स्वतःच हसायचा. किपच्या गॅरेजमध्ये त्यांच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग चाललं होतं. नाव ठरलं होतं, 'खोरेकरा, घरी जा'.

त्या दिवशी व्हर्नन मोठ्या ड्रमचं पेडल घरी विसरला. पेडलाशिवाय काम अडलं, म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या फोनवरून आईला बोलावलं आणि तिथेच थांबायला बजावलं. लॉरेनबाईंनी गाडीच्या खिडकीतून पेडल दिलं आणि म्हणाल्या, "आले आहे तर जरा पाय भिजवून येते. समुद्र बघून किती वर्षं झाली!"

"लवकर जा हं मग, आई," एवढंच बोलून तो गॅरेजकडे पळाला.

थोड्या वेळाने किप आणि गिटारवाला डेनी बर्गर घेऊन परतले. दोघांचे हात मेणाने पांढरे.

"खोरेकर घावला रे, कोपऱ्यावर!" डेनी म्हणाला. "नंबरप्लेटच्या चौकटीवर तिकडच्याच गाड्यांच्या दुकानाचं नाव. आख्खी काच लिंपून टाकली."

"कसली गाडी?" व्हर्ननने विचारलं.

"तपकिरी. मागच्या सीटवर गवताच्या नक्षीची उशी."

व्हर्ननचा घास तोंडातच राहिला. गप्प बसलं तर बँड शाबूत होता. पण आईला त्या काचेमागे बसून वळणावळणाचा घाट चढायचा होता. त्याने बर्गर खाली ठेवला.

"ती उशी माझ्या आईने शिवलीय. गाडी तिची आहे. आणि मीही तिकडचाच. नसेन चालत तर सांगा, ड्रम नंतर नेतो. आधी काच पुसू द्या."

मग किपने फडताळातून रॉकेलची बाटली आणि मेण खरवडायची फणी काढली. "डेन्या, उठ. तूच जाड थर दिलायस."

तिघं काच घासत असताना लॉरेनबाई चपला हातात घेऊन आल्या. काय झालं ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"लाज नाही वाटत? समुद्र काय तुमच्या बापाने खणला? एवढे दांडगे झालात, एखादं झाड लावायचं होतंत! आणि तू रे, केस कुणाकडून कापून घेतोस? आंधळ्याकडून?"

शेवटचं डेनीला होतं. किप खाली मान घालून ऐकत होता, पण हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

"मिसेस स्टकी, चुकलं आमचं," तो म्हणाला. "पण हेच आत माइकपुढे बोलाल का? अगदी असंच?"

"काच आधी लख्ख कर. मग बघू."

काच लख्ख झाली. लॉरेनबाई गॅरेजात उभ्या राहिल्या आणि आता मनात राग नसतानाही पहिल्यापेक्षा सरस बोलल्या. मागे व्हर्ननचा ड्रम धडधडत होता. अल्बम फार खपला नाही. खपला तो बहुतेक खोऱ्यातच. तिकडच्या पोरांना लॉरेनबाईंची बोलणी तोंडपाठ असत.

किनाऱ्यावर व्हर्ननला त्यानंतर सगळे खोरेकर म्हणू लागले. दुकान पुढे त्याच्याकडे आलं, तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने कोणतं नाव घालू म्हणून विचारलं. व्हर्ननने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "खोरेकर."